बाई उलट विचारत नाही

“अगं, ऐकतेस का जरा? माझे पाय का गं सुजलेत?”

रात्रीचे साडेदहा. सातारा. प्रश्न माझ्या आईचा, वय वर्षं ७६. विचारला कुणाला? मला नाही. सुनेला नाही. उशाशी ठेवलेल्या फोनमधल्या बाईला.

बाई तत्पर. पाय सुजण्याची पाच-सहा कारणं धडाधड सांगते. मीठ कमी करा म्हणते, पायांखाली उशी घ्या म्हणते. आणि गप्प होते.

उलट एक प्रश्न विचारत नाही.

कधीपासून सुजलेत? एकच पाय की दोन्ही? सकाळी सूज उतरते का? जिना चढताना दम लागतो का? एवढ्यात गोळी बदलली का? गल्लीतला जुना डॉक्टर बीपीचा पट्टा बांधता बांधता एवढं विचारून घेतो. कारण एकाच पायाला सूज असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही पाय सुजलेत आणि दमही लागतोय, तर हृदयाकडे बघावं लागतं. आणि अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची घरोघरची गोळी, तिच्यानेही घोटे सुजतात. तेव्हा नुसती गोळी बदलून भागतं.

तीन कारणं, तीन वेगळे रस्ते. आईच्या हाती आली ती एक उशी.

आता कुणी म्हणेल, या वयात हे नसते उद्योग सांगितलेत कुणी?

मला या प्रश्नाचाच राग येतो.

ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ज्याची बोटं संधिवाताने वाकलीत, त्याने त्या एवढ्याशा काचेवर अक्षरं शोधायची कशी? २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक दहा कोटींच्या वर होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली, ‘लासी’ नावाची. ७२ हजारांहून जास्त माणसं तिच्यात तपासली. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांनी शाळेची पायरीच चढलेली नाही, असं तिच्यात दिसलं. त्यांच्यासाठी दवाखान्यातला तक्ता, वेबसाइट, गोळ्यांच्या खोक्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी, सगळं सारखंच. काळ्या मुंग्यांची रांग.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाच्या हातापाया न पडता प्रश्न विचारता येतोय. तोंडाने. आपल्या भाषेत. हवा तेव्हा. ही काय लहान गोष्ट आहे?

आणि माणसांना विचारून झालेलं नाही, असं थोडंच आहे! २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकाने ६७ देशांतल्या डॉक्टरभेटींचा हिशेब छापला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत स्टुलावर टेकायचं, पिशवीतून फाइल काढायची, चष्मा बदलायचा, की दुखणं सांगायचं?

घरी यावं तर मुलगा म्हणतो, “आई, परवाच तर सांगितलं.” सून म्हणते, “वय झालं ना आता, चालायचंच.” नातू कानातलं काढतच नाही.

फोनमधली बाई कधीच म्हणत नाही, परवाच तर सांगितलं.

म्हणून तिला विचारतात. यात त्यांचं काय चुकलं?

चुकतंय ते पुढे.

बाईला मराठी येतं. २०१८ मध्ये गूगलने आपल्या असिस्टंटसाठी मराठीची घोषणा केली. २०२४ च्या ऑक्टोबरात जेमिनी या आपल्या नव्या यंत्राशी मराठीत गप्पा मारता येतील असं सांगितलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारने आपल्या भाषेला अभिजात दर्जा दिला. टेबलावरची अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, आणि कित्येक घरांत आजी तिच्याशी तसंच मोडकंतोडकं हिंदी बोलून काम भागवते.

मराठी येतं, ठीक. पण कुठलं मराठी?

माझी आई ‘वेदना’ म्हणत नाही. कुणाची आई म्हणते? तिच्याकडे दुखण्याचा सगळा बटवा आहे. उसण भरते. चमक निघते. कळ येते. ठणका लागतो. जखम चुरचुरते, गळू ठसठसतं, हाताला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठसठसतं म्हटलं की आत पू धरलाय हे आईला कळतं, शेजारणीला कळतं, कंपाउंडरला कळतं. हे निदान आहे. चार पिढ्यांनी घासूनपुसून दिलेलं.

यंत्राला हा बटवा कुणी दिला?

पायात गोळे येतात तेव्हा स्नायू आखडतो. पोटात गोळा येतो तेव्हा भीती वाटते. गोळी घेतली तर बरं वाटतं, गोळी लागली तर पोलीस येतात. एक ‘ग’, एक ‘ळ’ आणि चार अर्थ. त्यातून हा ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाहीच. हिंदीवर वाढलेल्या कानाला आईची ‘पोटातली कळ’ उद्यासारखी ऐकू आली, तर नवल कसलं?

आता ‘पित्त’ हा शब्द घ्या. घशाशी आंबट आलं तर पित्त. अंगावर गांधी उठल्या तर पित्त. डोकं धरून उलटी झाली तर पित्त. तीन दुखणी, नाव एक. आणि चौथं सर्वांत भयंकर. मधुमेह असलेल्यांना, वय झालेल्यांना, बायकांना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत दुखतंच असं नाही. दरदरून घाम येतो, जबडा दुखतो, दम लागतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. घरातली म्हातारी काय म्हणते? “पित्त झालंय वाटतं.”

पहाटे तीनला एखादी आजी फोनला विचारते, पित्तावर काय घ्यावं. तिला थंड दूध सांगायचं, की १०८ ला फोन लावायला सांगायचं?

हे ठरवायला एक प्रश्न पुरतो. घाम आलाय का हो?

‘घाबरं होतंय’ हे आणखी एक. ‘जीव कसानुसा होतोय.’ साखर उतरली असेल, हृदयाचे ठोके चुकत असतील, किंवा नवरा जाऊन महिना झाला असेल आणि रात्र सरत नसेल. मराठी डॉक्टर हे शब्द ऐकले की खुर्ची पुढे ओढतो. यंत्र त्याचं ‘भीती’ करतं आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतं.

साखर उतरलेल्या माणसाला दीर्घ श्वास काय कामाचा? त्याला आत्ता, या मिनिटाला, साखर-पाणी हवं.

आकड्यांचं तर विचारूच नका. आमची म्हातारी माणसं ‘एकशे पंच्याहत्तर’ म्हणत नाहीत. पावणेदोनशे म्हणतात. साखर सव्वाशे, बीपी दीडशेच्या वर, ताप दोनला दोन कमी, गोळी सकाळी एक आणि रात्री अर्धी. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आमचं अंकगणित. त्यात सात आणि साठ यांत फरक एवढासा, ‘त’ आणि ‘ठ’चा. ज्याचे दात शाबूत आहेत त्याला तो सोपा.

आणि दातांवरूनच आठवलं. कवळी.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवतात. दुखणं बहुतेक वेळा रात्रीच वाढतं. म्हणजे ज्या वेळी प्रश्न सर्वांत निकडीचा, त्या वेळी ‘स’, ‘त’, ‘ठ’ सगळे हिरड्यांवरून घसरतात. या वयात माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो, शब्द आठवतो, आवंढा गिळतो. यंत्राला वाटतं, बोलणं संपलं. ते मध्येच उत्तर सुरू करतं. आई म्हणते, “अगं, पुरतं ऐकून तरी घे!”

ऐकून घेत नाही.

वय झाल्यावर आधी बारीक, तीव्र आवाज ऐकू यायचे बंद होतात. म्हणजे बाईने बरोबर सांगितलं तरी ते बरोबर पोहोचेल याची हमी नाही. दोन्हीकडून कान जड झालेल्या या संवादावर आपण गोळीचा डोस सोपवतो?

विदर्भातल्या आजोबांचं काय? “मले चक्कर येऊन राहिली ना.” मालवणातल्या आजीचं काय? “माका भोवळ येता.” ही मराठी नाही असं कुणी म्हणून बघावंच.

यंत्राला ज्यांचा आवाज भरपूर ऐकवला त्यांचंच ते नीट ऐकतं. हा माझा संशय नव्हे. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक तपासणी छापून आली. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, पाचही बड्या कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रं घेतली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका. कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. देश एक, भाषा इंग्रजीच, कंपन्याही तिथल्याच.

त्यांच्या दारची ही गत, तर चंदगडच्या म्हातारीची काय असेल?

आता औषधं. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेत सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या ५० औषधांची नावं लोकांना या यंत्रांपुढे उच्चारायला लावली. गूगलला औषधांची कंपनीने ठेवलेली नावं शंभरात ९२ वेळा कळली. अ‍ॅपलच्या सिरीला आणि अलेक्साला निम्म्याहून थोडी जास्त. औषधाचं मूळ नाव घेतलं तर अलेक्साला निम्मीही नाहीत. नावं उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या इंग्रजीला परकी ढब नव्हती. आमच्याकडे ‘मेटफॉर्मिन’चं ‘मेटाफोर’ होतं, ‘मेटफार्म’ होतं, नाहीतर नुसतं ‘ती साखरेची पांढरी गोळी’.

मेटफॉर्मिन साखरेवरची. मेट्रोनिडॅझोल जुलाबावरची. अमेरिकेतल्या औषधसुरक्षेच्या यादीत ही जोडी ‘गोंधळ होऊ शकतो’ म्हणून मुद्दाम नोंदवलेली आहे. तिथल्या शिकल्यासवरल्या नर्स आणि फार्मासिस्ट लोकांसाठी नोंदवलेली!

बरं, नावही कळलं, आजारही कळला, तरी पुढे काय? २०१८ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या टिमथी बिकमोर आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. ५४ माणसं, तीन यंत्रं: सिरी, अलेक्सा, गूगल. औषधांचे आणि तातडीच्या दुखण्यांचे मिळून ३९४ प्रयत्न. उत्तरापर्यंत पोचले फक्त १६८. उत्तर मिळाल्यावर आपण काय करू, हे त्या माणसांना विचारलं. त्या १६८ पैकी ४९ वेळा माणसाला इजा होऊ शकेल अशी कृती निघाली. त्यांतल्या २७ वेळा जीव जाऊ शकेल अशी.

आणि त्या माणसांचं सरासरी वय होतं ४२. कवळी नसलेलं वय.

तेव्हाची यंत्रं जुनी झाली, आताची फार हुशार, असं कुणी सांगेल. खरं आहे, फार हुशार झालीत. मग २०२५ ची गोष्ट ऐका. अमेरिकेतला साठ वर्षांचा एक माणूस. मीठ वाईट असं त्याने वाचलं, क्लोराइड आहारातून काढायचं ठरवलं, चॅटजीपीटीला विचारलं. मग त्याने तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्लं. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय असं म्हणत इस्पितळात पोचला. तीन आठवडे दाखल होता. डॉक्टरांनी हे ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन: क्लिनिकल केसेस’ या नियतकालिकात लिहिलं, आणि त्यांनी स्वतः त्याच यंत्राच्या एका आवृत्तीला तोच प्रश्न विचारून पाहिला. ब्रोमाइडचं नाव पुन्हा आलं.

त्यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली. तुम्ही हे का विचारताय, असं यंत्राने विचारलं नाही. डॉक्टरने विचारलं असतं.

झालं. मला जे म्हणायचंय ते त्या डॉक्टरांनी दोन ओळींत लिहून ठेवलंय.

आपल्याकडे कुणाला ब्रोमाइड लागत नाही. आपल्याकडे शहाळं पुरतं.

शहाळं चांगलं का? चांगलंच. थंड असतं, ताकद येते, सगळे देतात. इस्पितळात माणूस बघायला जाताना आपण दुसरं काय नेतो? पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं कमजोर झालेल्या माणसाला ते बाहेर टाकता येत नाही. बीपीच्या काही गोळ्या पोटॅशियम अडवून ठेवतात. ते रक्तात फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. पालक चांगला का? चांगलाच. पण रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल आणि पालेभाजी आज एकदम वाढवली, उद्या बंद केली, तर गोळीचा हिशेब कोलमडतो. कारल्याचा रस? साखरेची गोळी घेऊन वर उपाशीपोटी पेलाभर प्यायलं, तर साखर नको तितकी खाली येऊ शकते.

आणि मीठ कमी करा, हा सल्ला. सत्तरीतल्या बाईला पाणी काढायची गोळी चालू आहे, जेवण चिमणीएवढं, त्यात मीठही तोडलं. आठ दिवसांत सोडियम उतरतं. बोलण्यात गोंधळ सुरू होतो, घरचे म्हणतात म्हातारी चळली. प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत अशी एक तरी गोष्ट घडलेली असते. नाही का?

प्रश्न शहाळ्याचा नसतोच. ते कुणी प्यायचंय, याचा असतो.

शेवटी बाई पुटपुटते, अधिक माहितीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्या. सगळं सांगून झाल्यावर. हे वाक्य कंपनीच्या वकिलासाठी असतं, आईसाठी नाही. आईसाठी असतं तर आधी आलं असतं, आणि कुठल्या डॉक्टरचा, कसा, रात्री साडेदहाला कुठे, हेही सोबत आलं असतं.

दुसरीकडे काही केलंय का कुणी? इंग्लंडने केलं. २०१९ च्या जुलैत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने अ‍ॅमेझॉनशी करार जाहीर केला. अलेक्साला अर्धशिशी, फ्लू, कांजिण्या असलं काही विचारलं तर उत्तर सरकारी आरोग्य संकेतस्थळावरून द्यायचं. कारण सांगितलं तेही सरळ होतं: म्हातारी माणसं, अंध माणसं, ज्यांना इंटरनेट चाळता येत नाही ती. खाजगीपणावरून तिथे गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण उत्तर कुठून आलंय याला निदान एक धनी होता.

आमच्या आयांना मिळणाऱ्या उत्तराचा धनी कोण?

मुंबईत केईएम आहे, पुण्यात ससून आहे, नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. केईएम-ससूनमध्ये रोज मराठी म्हातारी माणसं येऊन आपल्या शब्दांत दुखणी सांगतात. उसण, चमक, घाबरं होणं, हे सगळं या ओपीडींनी पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. या शब्दांचा कोश डॉक्टरांनी करावा, सरकारने छापावा, आणि कंपन्यांना सांगावं की आमच्या राज्यात आरोग्यावर तोंड उघडायचं तर हे आधी शिका. भाषा अभिजात झाली, आता ती दवाखान्यापर्यंत न्या. आणि छाती, दम, घाम, तोंड वाकडं, हात उचलत नाही, यांतला एक जरी शब्द आला तरी दुसरं काही न बोलता आधी १०८. लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातली दहा मिनिटं घरगुती उपायांची यादी ऐकण्यात का घालवायची?

साधी गोष्ट आहे. मग होत का नाही?

कारण म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. ती दुखणं अंगावर काढतात.

हा शब्दप्रयोग जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर असो, आमच्या घरात तो रोजचा आहे. आणि इथे मला माझ्या आईचं सांगायचंय. तिला विचारून सांगतेय.

तिचा फोन भावाने चालू करून दिला, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. तिच्या नावाने वेगळं खातं कोण काढत बसणार! गेल्या दिवाळीत भाऊ दुसरंच काही शोधत होता आणि त्याच्या पडद्यावर एक यादी उघडली. आईने बाईला विचारलेला प्रत्येक प्रश्न. तारीख आणि वेळेसकट.

त्याने ती मला दाखवली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून वाचत होतो.

झोप येत नाही काय करू. अकरा वेळा. नाव आठवत नाही त्याला काय आजार म्हणतात. लघवी कपड्यात होते त्यावर गोळी आहे का. एकटं पडून मेलं तर कळतं का कुणाला.

आणि पाच आठवड्यांपूर्वीचा, पहाटे चारचा: अंगावरून लाल जातंय.

खाली बाईचं उत्तर. मला हे नीट समजलं नाही. आईने दुसऱ्यांदा विचारलेलं. मला हे नीट समजलं नाही. तिसऱ्यांदा. मग तिने विचारणं सोडलेलं.

पाळी जाऊन पंचवीस वर्षं झालेल्या बाईला रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबायचं नसतं. गर्भपिशवीच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. ती पाच आठवडे थांबली. आम्ही रोज फोन करत होतो. रोज विचारत होतो, जेवलीस का.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. सोनोग्राफी, तुकडा तपासायला पाठवला, बारा दिवस वाट पाहिली. मांसाची वाढ निघाली, साधी. काढून टाकली. आता बरी आहे.

पण तिला जेव्हा कळलं की आम्हाला कसं कळलं, तेव्हा ती आजारपणापेक्षा जास्त खचली. “माझं तुम्ही वाचलंत?” एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तिला वाटत होतं, बाईला सांगितलेलं बाईपाशी राहतं. राहत नाही. २०१९ मध्ये ‘गार्डियन’ने छापलं की सिरीची ध्वनिमुद्रणं तपासायला ठेवलेली कंत्राटी माणसं लोकांची डॉक्टरांशी झालेली बोलणी ऐकतात. त्याच वर्षी अलेक्साचं बोलणं ऐकणाऱ्या माणसांचीही बातमी आली होती. २०२५ च्या मार्चपासून अलेक्साच्या इको यंत्रांवरचा ‘माझा आवाज कंपनीकडे पाठवू नका’ हा पर्याय अ‍ॅमेझॉनने काढून टाकला. आमच्या घरात तर कुणी परकंही नव्हतं. पोटचीच पोरं होती.

आम्ही वाचलं म्हणून ती वाचली. आम्ही वाचायला नको होतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात घेऊन मी झोपते.

तिला जे आम्हाला सांगता येत नव्हतं ते तिने बाईला सांगितलं, कारण बाईला चेहरा नाही. लाज वाटावी असं समोर काही नाही. म्हणून तर मी तिचा फोन काढून घेतला नाही. उलट तिच्या नावाने खातं काढलं, भावाचं नाव उडवलं, जुनी यादी पुसायची कशी ते तिला तीनदा करून दाखवलं. फोनच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरांत कागद लावला. १०८. म्हाताऱ्या माणसांसाठीची सरकारी एल्डरलाइन, १४५६७. मन फार जड झालं तर टेली-मानस, १४४१६. दवाखान्याचा नंबर. खाली तिच्या पाच गोळ्यांची नावं, मराठीत, आणि प्रत्येक कशासाठी ते.

त्या कागदातला शेवटचा भाग तिने स्वतः लिहून घेतला. पाचातल्या दोन गोळ्या कशासाठी घेतो, हे तिला सहा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ती बाईला पाऊस विचारते, एकादशी कधी ते विचारते, झोप येत नाही हेही विचारत असेल. मी बघत नाही. पायांचं, पोटाचं, बायकांचं मात्र मला सांगते. अजून अडखळते. आधी पाच मिनिटं भाजीचा भाव, मग शेजारच्या काकूंचं काहीतरी, आणि फोन ठेवता ठेवता खरं ते. मी ठेवत नाही. थांबते.

परवा असंच शेवटी विचारलं, “उन्हाचं शहाळं घेतलं तर चालेल का गं?”

मला माहीत नव्हतं. तिला तसं सांगितलं, आणि दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने उचलला. तीस वर्षं तिथेच आहेत ते. प्रश्न ऐकून घेतला पुरता, मध्ये बोलले नाहीत.

“आजींना बीपीची गोळी कोणती चालू आहे?” त्यांनी विचारलं. “आणि किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, शेवटची कधी केली होती?”